कासव आलंच नाही तर पाहुण्यांना काय दाखवणार?

राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावातल्या मुलाने विचारलंय: "आमच्या पुळणीवर यंदा कासवाची तीन घरटी सापडली. गावात सगळे म्हणतायत की वेळाससारखा कासव महोत्सव करूया, होमस्टे चालतील, चार पैसे येतील. बॅनर, लोगो तयार आहे. सुरुवात कुठून करू?"

तू वयाने बराच लहान दिसतोस म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नको. बॅनर तयार आहे म्हणालास ना, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. मी कासवाची घरटी राखायचं काम रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सतरा-अठरा वर्षं करतोय आणि ज्या ज्या गावात बॅनर आधी लागला तिथे तिसऱ्या वर्षी फक्त बॅनरच राहिला, तोपण कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून.

आधी साधा हिशोब कर. तीन घरटी. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी धर. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्याकडे येणारं कासव, त्याची अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतली जरा जास्त दिवस घेतात, मार्चमधली लवकर. एका घरट्यातली पिल्लं एकदम वर येत नाहीत, पहिल्या खेपेला बरीचशी येतात आणि राहिलेली पुढच्या दोन-तीन दिवसांत. म्हणजे तीन घरटी मिळून सगळ्या सीझनमध्ये तुला फार तर दहा-बारा वेळा पिल्लं दिसणार, त्यातली काही पहाटे, काही संध्याकाळी, आणि त्यातली शनिवार-रविवारी किती येतील ते देवाला माहीत. आता पुण्याहून आठ तास गाडी चालवून, वाटेत पोरं ओकून, चाळीस माणसं तुझ्या गावात रविवारी पहाटे साडेसहाला उभी आहेत आणि तू घरट्यावर झाकलेली टोपली उचललीस तर खाली नुसती वाळू. तेव्हा काय करणार? माझ्या उत्तराचं मूळ तेवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावाचं नाव सगळे घेतात पण तिथला क्रम कोणी बघत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे वगैरे, २००२ साली समुद्र गरुडाची घरटी शोधत त्या भागात फिरत होती, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जातायत हे कळलं आणि त्याच सीझनपासून राखण सुरू झाली. महोत्सव त्याच्यानंतर काही वर्षांनी आला. तोवर गावातल्या माणसांना घरटं शोधता यायला लागलं होतं, हॅचरीची, म्हणजे अंडी आणून पुरायच्या राखीव जागेची, शिस्त बसली होती, आणि मुख्य म्हणजे अंडी खाणं बंद झालं होतं. मग पाहुणे आले, ते गावातल्याच घरांत राहिले. आपण सगळे हे उलट्या बाजूने वाचतो.

तर पहिलं काम म्हणजे चालणं. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, रोज पहाटे, उजाडायच्या आधी, पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मादी रात्री येते, वर चढते, खड्डा करते, अंडी घालते, वाळू ढकलून वरून अंगाने थापटते आणि परत जाते. सकाळी राहतो तो तिचा माग, दोन-अडीच फूट रुंद, वल्ह्यांचे (तिच्या वल्ह्यासारख्या पायांचे) ठसे एकाआड एक पडलेले, लांबून बघितलं तर कोणी छोटा ट्रॅक्टर समुद्रातून काढून परत समुद्रात घातलाय असं वाटतं. हा माग भरतीने किंवा पहिल्या गुरांनी पुसला की संपलं. आणि प्रत्येक मागाच्या शेवटी घरटं असतंच असं नाही हां, कधी दिवा दिसला, कुत्रं भुंकलं, वाळू आवडली नाही की ती तशीच वळून परत जाते. पण असा रिकामा मागही वहीत लिहायचा, कारण तिला कशाने परत पाठवलं ते शोधायचं असतं. आमच्याकडे एका वर्षी लागोपाठ तीन रिकामे माग सापडले, तिन्ही एका नव्या रिसॉर्टच्या फ्लडलाइटसमोर.

दुसरं, तुमच्या गावात आत्तापर्यंत अंडी कोण काढत होतं ते शोध. असा एक तरी माणूस असतोच, आणि गावाला माहीत असतो, फक्त तुझ्यासारख्या शिकलेल्या पोराला कोणी सांगत नाही. त्याला पोलिसात द्यायच्या गोष्टी करू नको. आमचा पहिला कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा, हा पूर्वीचा अंडी काढणाराच. थापटलेल्या जागेवर हा माणूस टाच दाबत हळूहळू फिरतो, एका ठिकाणी थांबतो आणि म्हणतो, हितं. खाली हात घातला की कोपरापर्यंत जातो आणि बोटाला पहिलं अंडं लागतं, पिंगपाँगच्या बॉलसारखं, ओलसर, थोडं दबणारं. मला हे शिकायला चार सीझन लागले आणि अजूनही तो माझ्या आधीच सांगतो. सळई खुपसून शोधणारेही असतात, ते मात्र अजिबात नको, एक अंडं फुटलं की मुंग्या लागतात आणि बुरशी पसरते.

अंड्यांना हात लावायच्या आधी फॉरेस्टला फोन. हे मी उगाच सरकारी भाषेत सांगत नाहीये. कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि चांगल्या हेतूने का असेना पण परवानगीशिवाय अंडी हलवली तर तूच गुन्हेगार. तालुक्याच्या आरएफओला, म्हणजे वनक्षेत्रपालाला, जाऊन भेट. शिवाय वनखात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानची माणसं किनाऱ्यावरच्या कासवमित्रांबरोबर काम करतात, त्यांच्याकडून ट्रेनिंग मिळतं. आणि प्रत्येक घरटं हलवायलाच हवं असं नाही. भरतीच्या रेषेच्या बऱ्यापैकी वर असेल, कोल्ह्या-कुत्र्यांपासून जाळी लावून राखता येत असेल तर जागेवरच ठेवलेलं बरं. हलवायचंच असेल तर घातल्यापासून पाच-सहा तासांच्या आत, कारण नंतर आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो आणि अंडं फिरवलं की मरतो. बादलीत तळाला घरट्यातलीच ओली वाळू, अंडं जसं उचललं तसंच ठेवायचं, हिसके नाहीत, मोटारसायकलवरून खड्ड्यातून नेणं नाही, चालत न्यायचं. हॅचरीतला खड्डा दीड फूट, तळाशी फुगीर आणि वर तोंड निमुळतं, मडक्यासारखा. हॅचरीची जागा दर वर्षी थोडी सरकवायची. आणि उन्हाळा वाढला की वर सावली करायची, कारण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही मिळतात, त्याच्या वर गेलं की बहुतेक माद्याच, आणि आणखी वर गेलं तर अंडी शिजतातच.

आता माझी चूक सांगतो, ती तू करू नकोस म्हणून. आमच्या दुसऱ्या का तिसऱ्या सीझनला एक मोठी बस येणार होती, शहरातल्या एका शाळेची, आणि ती घाटात अडकली. पहाटे साडेपाचला टोपलीखाली पस्तीसेक पिल्लं आलेली. फोनवर शिक्षक म्हणाले, अर्ध्या तासात पोचतो. मी पिल्लं टबात ठेवली. अर्ध्याचा तास झाला, तासाचे तीन झाले. टबात ती सगळी एका कोपऱ्याकडे, समुद्राच्या बाजूच्या, एकावर एक चढत होती, वल्ही टबाच्या प्लास्टिकवर आपटल्याचा आवाज येत होता, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा. नऊच्या सुमाराला आवाज थांबला. मुलं आली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पिल्लं मात्र दोन पावलं चालून बसत होती. वर कावळे, घारी, नऊ वाजताचं तापलेलं ऊन. पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडासा साठा असतो, त्याच्यावर त्याने वाळू ओलांडायची, लाटा फोडायच्या आणि पुढे दीड-एक दिवस पोहत खोल पाण्यात पोचायचं. तो साठा मी एका टबात संपवला होता. अंडी काढणारा आमचा माणूस बाजूला उभा होता, तो मला काही बोलला नाही, फक्त टब उचलून धुवायला घेऊन गेला. त्यानंतर आमच्याकडे नियम एकच, पिल्लं वर आली की तेव्हाच सोडायची, बघायला मंत्री असो की कोणी नसो.

आणि हा नियम एकदा केला की मग माझा सुरुवातीचा प्रश्न उभा राहतो, पिल्लं नाहीत त्या दिवशी काय. पहिली काही वर्षं आम्ही लोकांची माफी मागायचो. एका गृहस्थांनी पैसे परत मागितले, आम्ही दिलेही. मग हळूहळू लक्षात आलं की चूक आमचीच आहे, आम्ही चार किलोमीटर किनाऱ्यातून फक्त एक टोपली विकतोय.

बाकीचा किनारा दाखवायचा तर आधी ओहोटीची वेळ कळायला हवी. आजोबांच्या पिढीतली पाऊणकी तुला येते का? बघ, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून. आपल्या किनाऱ्यावर गावागणिक थोडं पुढेमागे होतं, पण कोळ्यांना मोबाइल लागत नाही तो याच्यामुळे. (तू मात्र भरती-ओहोटीचं कोष्टक बघच, पाहुणे घेऊन खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, जायचंय.) आता प्रतिपदा, द्वितीया घे. भरती पाऊण ते दीडच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहा ते सव्वासात. हीच आपली पिल्लं सोडायची वेळ! आणि उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात लांब जातं. म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पकडून पाहुणे बोलावलेस तर टोपलीखाली काही असो नसो, त्याच सकाळी सगळ्यांना घेऊन सरळ खडपावर जाता येतं. याउलट अष्टमीच्या भांगाला, पाणी कमीच चढतं-उतरतं तेव्हा, ओहोटी भर दुपारी बाराला आणि तीसुद्धा अर्धवट, तो वीकेंड सोडून दे. आम्ही आता कॅलेंडर रविवार बघून करत नाही, तिथी बघून करतो आणि त्यातल्या त्यात जवळचा रविवार धरतो.

खडपावर कोणाला पुढे करायचं? मला नाही, तुलाही नाही. आमच्याकडे कालवं काढायला जाणाऱ्या एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, हातात छोटी टोकदार हातोडी आणि कमरेला पिशवी. पहिल्यांदा त्यांना विचारलं तर म्हणाल्या, शिकलेल्यांना मी काय दाखवू. मग एका सकाळी आम्ही सगळे वाकून एका डबक्यात समुद्रफूल बघत होतो, मी काहीतरी इंग्रजी नाव सांगत होतो, तेवढ्यात त्या मागून म्हणाल्या, "ते काय, ते रोजचंच हाय. ह्या दगडावर बघा, हितली कालवं मेलीत सगळी, पाच वर्षांपूर्वी हितं पाय ठेवायला जागा नव्हती." आणि मग थांबल्याच नाहीत. कुठलं कालव जिवंत, कुठलं रिकामं हे हातोडीच्या आवाजावरून. शंखातला खेकडा शंख बदलतो तेव्हा आधी नवं घर कसं चाचपतो. नक्षीदार शंकूसारखा शंख दिसला तर उचलायचा नाही, आतला प्राणी विषारी दंश करतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. दगड उलटला तर परत होता तसाच ठेवायचा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं, यावर त्यांनी एका आयटीवाल्याला चांगलंच झापलं. त्या दिवशी पिल्लू एकही निघालं नव्हतं आणि एकानेही पैसे परत मागितले नाहीत. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईची माणसं २०१७ पासून अशीच किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतात, गिरगाव, जुहू, हाजी अली, म्हणजे शहराच्या गटाराजवळसुद्धा बघण्यासारखं निघतं, मग तुझ्या गावाला काय धाड भरलीय.

खडप नसेल, नुसती पुळण असेल तरी चालेल. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ते इवले खेकडे गोळ्यांची रांगोळी घालतात ना, ते वाळू तोंडात घालून त्यातलं खायचं तेवढं घेतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात. एका पोराला घड्याळ दे आणि एक खेकडा पाच मिनिटांत किती गोळ्या करतो ते मोजायला सांग, अर्धा तास ते पोर हलत नाही, स्वतः करून बघितलंय. हिवाळ्यात कुरव पक्षी असतात. समुद्र गरुडाचं, आपल्याकडे काकण म्हणतात तो, घरटं जवळ कुठल्या उंच झाडावर असेल तर लांबून दुर्बिणीने दाखव, झाडाखाली माणसं नेऊ नको.

रात्रीचं एक गुपित सांगतो. किनाऱ्यावरचे दिवे बंद ठेवा म्हणून आम्ही घरोघर हात जोडून दमलो. मादीला उजेड चालत नाही आणि पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्र समजून रस्त्यावर येतात, हे पटतं सगळ्यांना, पण दिवा कोणी बंद करत नाही. मग आम्ही पाहुण्यांना थंडीत तारे आणि लाटांची निळी चमक दाखवायला लागलो (नॉक्टिल्यूका नावाचा सूक्ष्म जीव असतो, पाणी हललं की चमकतो, काही हिवाळ्यांत बऱ्यापैकी येतो). आता अंधार हीच बघायची गोष्ट झाली म्हटल्यावर होमस्टेवालेच एकमेकांना ओरडतात, ए तुझा हॅलोजन बंद कर. फक्त हे सगळं जेटीवरून किंवा गावाजवळच्या टोकावरून, संध्याकाळी लवकर, आणि आठ-साडेआठनंतर पुळणीवर कोणीही नाही. त्यानंतर जागा तिची.

पैशाचं आत्ताच ठरव, नंतर भांडणं होतात. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशातून सगळ्यात आधी पहाटे चालणाऱ्याचा पगार निघाला पाहिजे, मग आजींचं मानधन, मग ग्रामपंचायत, मग बाकी. आमच्या जवळच्या एका गावात उलटं झालं, होमस्टेवाल्या चार घरांनी कमावलं आणि रात्रीची राखण करणाऱ्याला सहा महिने काही मिळालं नाही, त्याने काम सोडलं, आणि पुढच्या वर्षी घरटी "कमी झाली". घरटी कमी झाली नव्हती.

कोळीवाड्याला विसरू नको. महोत्सवात त्यांची मच्छी हवी असते, ते नको असतात. जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापून सोडायला त्यांचं नुकसान होतं, त्यासाठी राज्य सरकारची योजना आहे डिसेंबर २०१८ पासून, कासव किंवा इतर संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो-व्हिडिओ लागतो. बऱ्याच जणांना फॉर्म कसा भरायचा तेच माहीत नसतं. तू बसून दोघा-तिघांचे फॉर्म भरून दे, तुझ्या दहा जनजागृती भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

शाळेत जाशील तेव्हा आकडेवारी सांगू नको, एक गोष्ट सांग. २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्याला टॅग लावला, नंबर ०३२३३. ती २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून थेट आपल्याकडे! आणि २०२३ मध्ये गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी उलट दिशेने श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मुलांना नकाशावर बोट फिरवायला सांग. आमच्याकडे एका मुलीने विचारलं होतं, मग ती नक्की कुठली? मला उत्तर देता आलं नाही, मजा वाटली.

तू पाठवलेला लोगो बघितला. छान आहे, कासवाला पाच वल्ही काढलीयत तेवढी बघ. यंदा त्याचा काही उपयोग नाही, पुढच्याच्या पुढच्या वर्षी काढू. आत्ता मला तिन्ही घरट्यांच्या तारखा, ती भरतीच्या रेषेपासून किती पावलांवर आहेत ते, आणि फॉरेस्टला कळवलं का एवढं लिहून पाठव. आणि गावात कालवं काढायला कोण जातं ते विचारून ठेव.